नाताळच्या वाटपाआधी : सोलापुरातील ख्रिस्ती मंडळ्यांना खुले पत्र

प्रति,
सोलापूर शहर व परिसरातील मंडळ्यांचे पाळकसाहेब, पंच, महिला संघ आणि तरुण संघाचे पदाधिकारी यांस,

जय ख्रिस्त.

नोव्हेंबरच्या पंचसभेत आता नाताळच्या वाटपाचा विषय निघेल. ब्लँकेटं किती घ्यायची, बिस्किटांचे पुडे किती, फलकावर कोणाकोणाची नावं आणि सिव्हिलला कोणत्या संध्याकाळी जायचं. ठराव होण्याआधी पत्र हातात पडावं म्हणून ही घाई. मागणी एकच आहे. त्या एका संध्याकाळचा खर्च यंदा बारा महिन्यांवर पसरा आणि फलक छापूच नका.

२३-२४ डिसेंबरला एकाच वॉर्डात दोन-तीन मंडळ्या लागोपाठ येतात. एका खाटेवर बिस्किटांचे तीन पुडे साठतात. जानेवारी उजाडला की त्याच खाटेशेजारी बसलेल्या बाईला चहा पाजायलाही कोणी फिरकत नाही. ब्लँकेटांचं तर विचारूच नका. चादरींचं गाव आपलं, त्यामुळे चादर-ब्लँकेट देणं सगळ्यात सोपं वाटतं. पण सोलापूरची थंडी ती किती दिवसांची? मार्चपासून ऊन चटके देतं आणि मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो. व्हरांड्यात रात्र काढणाऱ्याला तेव्हा एक चटई, पाण्याची बाटली आणि मोबाइल चार्ज करायला जागा हवी असते. जाड ब्लँकेट तो उशाला घेतो.

लूकच्या दहाव्या अध्यायातला चांगला शोमरोनी आपण शब्बाथ शाळेपासून ऐकत आलोय. त्याने काय काय केलं ते एकदा हिशेबाच्या वहीसारखं वाचा. वाटेत लुटल्या गेलेल्या माणसाच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, आपल्या जनावरावर बसवलं, उतारशाळेत नेलं, रात्री काळजी घेतली. दुसऱ्या दिवशी दोन दिनार काढून उतारशाळेच्या रक्षकाच्या हातात दिले. द्राक्षमळ्याच्या दाखल्यात एक दिनार ही एका दिवसाची मजुरी आहे, म्हणजे दोन दिवसांची कमाई गेली. आणि वर सांगितलं, याहून जास्त खर्च झाला तर परत येताना फेडीन. आपल्या वाटपात तेल आणि पट्ट्या असतात. रोज त्या जागी हजर असणारा रक्षक नसतो, आणि परत येणं तर नसतंच.

(जाता जाता : रस्त्यावरच्या अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला संरक्षण देणारं मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ अ २०१९ च्या दुरुस्तीने आलं. त्या माणसाला कायद्यात ‘गुड समॅरिटन’, म्हणजे चांगला शोमरोनीच, म्हटलंय. त्याच्यावर दिवाणी-फौजदारी जबाबदारी येत नाही, नाव सांगायची सक्तीही नाही. पुणे आणि विजयपूर रस्त्यांवरून गाड्या हाकणारे आपल्यात पुष्कळ आहेत. हे एकदा उपासनेनंतरच्या सूचनांत सांगून टाका, आणि १०८ नंबरही.)

आता मुद्द्याचं. सरकारी रुग्णालयात दाखल रुग्णाला जेवण मिळतं. त्याच्याबरोबर आलेल्या माणसाला स्वतःचं बघावं लागतं. तो अक्कलकोट, मंगळवेढा, करमाळा, सांगोल्याहून आलेला असतो, नाहीतर तुळजापूरकडून, नाहीतर सीमेपलीकडच्या इंडी किंवा आळंदहून. मजुरी बुडालेली असते. औषधाची चिठ्ठी कधी हातात पडेल याचा नेम नसतो, म्हणून तो जागा सोडत नाही. मराठी येतेच असंही नाही.

सुरुवात वॉर्डातून करू नका. मोठ्या सरकारी रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक असतात. कोणाला नातेवाईक नाही, कोणाकडे गावी परतायला भाडं नाही, कोणाची कागदपत्रं अडलीत, हे त्यांच्या टेबलावर कळतं. उतारशाळेचा रक्षक तोच. आधी त्यांना विचारा की काय कमी पडतंय, मग वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे अर्ज द्या. त्यात वार, वेळ, जागा आणि येणाऱ्यांची नावं असावीत. ‘मंडळीतर्फे सेवा करण्याची परवानगी मिळावी’ एवढ्यावर कोणी सही करत नाही. केली तरी पुढच्या महिन्यात सुरक्षारक्षक दारात अडवतो.

खाण्याचा पहिला नियम : रुग्णाच्या हातात काहीही द्यायचं नाही. शस्त्रक्रियेसाठी उपाशी ठेवलेल्या माणसाने दोन बिस्किटं खाल्ली, तर भुलीच्या वेळी पोटातलं श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो, म्हणून शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागते. मूत्रपिंडाच्या रुग्णाला केळं आणि मधुमेह्याला केक, हे नाताळात दरवर्षी प्रेमाने दिलं जातं आणि निस्तरतात सिस्टर. अन्न द्यायचं ते सोबतच्या माणसाला, आणि तेही वॉर्डाबाहेर.

पन्नास जणांच्या खिचडीला चार किलो तांदूळ, दोन किलो मूगडाळ, पाऊण किलो तेल, दोनशे ग्रॅम मीठ, पंचवीस ग्रॅम हळद आणि वीस-बावीस लिटर पाणी लागतं. पातेलं चाळीस लिटरचं घ्या, त्याहून लहान पातेल्यात खिचडी तळाला लागते. तिखट हात आखडून घाला, खाणारे रात्रभर जागलेले आणि ॲसिडिटीने बेजार असतात. अकराला उतरवली तर साडेबारापर्यंत वाढून संपली पाहिजे. सकाळीच प्लास्टिकच्या पिशव्यांत गरम खिचडी बांधून ठेवायची पद्धत बंद करा. आपल्याकडच्या उन्हात ती दुपारपर्यंत आंबते. कोमट भातात जे जंतू वाढतात त्यांतल्या एकाचं विष पुन्हा उकळलं तरी जात नाही. दोन तासांवर उरलेली खिचडी संध्याकाळसाठी राखू नका, कितीही जिवावर आलं तरी टाकून द्या. कागदी ताटल्यांऐवजी स्टीलच्या ताटल्या घ्या किंवा लोकांना आपापला डबा आणायला सांगा. फुकट वाटायचं असलं तरी अन्नसुरक्षा कायदा लागू होतो, तेव्हा अन्न व औषध प्रशासनाकडची नोंदणी उरकून घ्या.

रोजचा स्वयंपाक झेपत नसेल तर आपल्या गावाची कडक भाकरी आहेच. ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी कोरडी राहते, पिशवीत टिकते, आणि कन्नड मुलखातल्या माणसालाही ती घरची वाटते. म्हाताऱ्यांना ती चावत नाही. त्यांच्यासाठी बरोबर दही किंवा पातळ आमटी हवी. चटणीत लसूण-तिखट बेताने, आणि शेंगदाणे खवट नाहीत ना हे कुटायच्या आधी चाखून बघा.

वाढायची शिस्त शिकायची असेल तर अक्कलकोटला जाऊन अन्नछत्र बघून या. रांग कशी सरकते, ताटं कुठे धुतात, पंगत उठली की जागा किती वेळात साफ होते. एक ख्रिस्ती मंडळी तिथे काय शिकणार, असं कोणाच्या मनात आलं तर त्यानेच आधी जावं. सोलापुरात संत सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात लोकांना हाताशी धरून तळं खोदलं. सोलापुरात जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले आणि जखमी सैनिकांची सेवा करता करता १९४२ साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच वारले. या गावात दया आपण आणलेली नाही. शेजाऱ्याच्या बरोबरीने काम करायला बसलो तर पुरे.

अन्नापेक्षा मोठी गरज असते बदली माणसाची, आणि तिला पैसा लागत नाही. बरोबर आलेली बाई एकटी असेल तर तिला अंघोळीला, जेवायला, बाहेरून औषध आणायला जाता येत नाही. दोन तास कोणी खाटेशेजारी बसलं तर ती हे सगळं उरकून, पाऊण तास आडवी होऊन परत येते. बसणाऱ्याचे नियम मात्र काटेकोर हवेत. सिस्टरला सांगूनच बसायचं. बायकांच्या वॉर्डात बायकांनीच. अठराच्या आतलं कोणी नको, सर्दी-खोकला असलेलं नको. आत जाताना आणि निघताना साबणाने हात धुवायचे. सलाईन संपत आली तर सिस्टरला हाक मारायची, नळीवरच्या चाकाला हात लावायचा नाही. रुग्णाने पाणी मागितलं तरी विचारल्याशिवाय घोटभरही द्यायचं नाही. उठवून बसवायचं नाही. आजार काय, किती दिवस झाले, पोरं बघत नाहीत का, या चौकशा करायच्या नाहीत. रुग्णाला बोलायचं असेल तर ऐकायचं. आपल्या ओळखीतला कोण याच आजाराने गेला ते कृपा करून सांगायचं नाही.

यासाठी बारा माणसं पुरतात. सहा जोड्या, आठवड्यातून तीन दिवस, दोन-दोन तास. म्हणजे एका जोडीला पंधरा दिवसांतून एक फेरी. पहिल्या महिन्यात उत्साही माणूस रोज जातो आणि फेब्रुवारीत आजारी पडतो किंवा कंटाळतो. त्याला जानेवारीतच आवरा. प्रत्येक जोडीमागे एक राखीव नाव असू द्या, कारण लग्नसराईत माणसं गळतात.

जोड्या लावताना प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय समोर ठेवा. रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होत होतं, त्यावरून कुरकुर झाली. मंडळीने सात माणसं निवडली आणि त्या सातांची नावं ग्रीक आहेत. ज्यांची माणसं सुटत होती, त्यांच्याच हातात वाटप गेलं. आपल्या मंडळ्यांत तेलुगू आणि कन्नड घरात बोलणारी कितीतरी कुटुंबं आहेत. समितीत मात्र मराठीत छान भाषण करणारेच बसतात. इंडीहून आलेल्या म्हातारीशी कन्नडमध्ये चार वाक्यं बोलू शकणारी बाई त्या समितीत आधी हवी.

कागदपत्रांच्या कामाबद्दल थोडक्यात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचा टेबल असतो. अडतं ते रेशनकार्ड आणि आधारवर : नावाचं स्पेलिंग जुळत नाही, सुनेचं नाव अजून माहेरच्या कार्डावर असतं, कार्ड गावी घरात असतं. लिहिता-वाचता येणारा एक शांत माणूस बरोबर उभा राहिला, गावी फोन लावून कार्डाचा फोटो मागवला, तर तासाभरात मार्ग निघतो. निवृत्त शिक्षक आणि कारकून आपल्या मंडळ्यांत भरपूर आहेत. त्यांना नाताळात फक्त खुर्च्या मांडायला बोलावलं जातं.

दुसरं काम क्षयरुग्णांचं, आणि आमच्या मते मंडळीच्या आवाक्यातलं ते सगळ्यात नेमकं काम आहे. केंद्र सरकारच्या उपक्रमात २०२२ पासून कोणतीही व्यक्ती किंवा संस्था ‘निक्षय मित्र’ म्हणून नोंदणी करून रुग्णाला उपचाराच्या काळात पोषणाची टोपली देऊ शकते. नोंदणी ऑनलाइन होते, आणि रुग्ण क्षयरोग विभाग त्याच्या संमतीने जोडून देतो. मोठ्या माणसाची महिन्याची टोपली ठरलेली आहे : धान्य तीन किलो, डाळ दीड किलो, तेल पाव किलो, आणि एक किलो दूध पावडर किंवा तेवढेच शेंगदाणे. जमल्यास तीस अंडी. सोलापुरात हे किती सोपं आहे बघा. तीन किलो ज्वारी, दीड किलो तूरडाळ, तेल आणि शेंगा. साधारण सात-आठशे रुपयांत टोपली भरते. शेंगदाणे कोरडे घ्या, काळे पडलेले किंवा बुरशीचे निवडून फेका. अंडी द्यायच्या आधी घरात चालतात का ते विचारा.

बिडी वळणाऱ्या बायका आणि यंत्रमागाच्या खोल्यांत राबणारे कामगार दाटीवाटीत, वारा न खेळणाऱ्या जागेत दिवस काढतात. अशा जागी हा रोग घरातल्या घरात पसरतो. साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा : पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन चढतं, माणूस कामावर जातो आणि गोळ्या सोडतो. मग रोग उलटतो, आणि उलटलेल्या रोगाला साध्या गोळ्या पुरत नाहीत. नेमकं तेव्हाच टोपली देणाऱ्यांचाही उत्साह ओसरतो. तिसऱ्या महिन्याची टोपली ही सहांतली सगळ्यात महत्त्वाची. सहा महिन्यांचे पैसे हातात असल्याशिवाय रुग्ण घेऊच नका. एक जास्तीचा घेण्यापेक्षा एक कमी घ्या.

टोपली साध्या पिशवीत न्या, मंडळीचं नाव नको, फोटो तर मुळीच नको. घरमालकाला कळलं तर खोली जाते, कारखान्यात कळलं तर काम जातं, लग्नाची मुलगी घरात असेल तर आणखी पंचाईत. कुठे भेटायचं ते रुग्णाने ठरवावं. दर महिन्याला त्याच काट्यावर वजन करा आणि वहीत लिहा. वजन घटलं तर आरोग्यसेविकेला सांगा, स्वतः डॉक्टर होऊ नका. सरकारकडून रुग्णाच्या खात्यात महिन्याला हजार रुपयांच्या हिशेबाने पैसे येतात (नोव्हेंबर २०२४ च्या आधी पाचशे होते). पुष्कळांचे अडकलेले असतात, कारण खातं आधारला जोडलेलं नसतं किंवा बंद पडलेलं असतं. त्याच्याबरोबर बँकेत एक चक्कर मारली तर ती टोपलीपेक्षा जास्त किमतीची ठरते.

तिसरं, रक्तदान. शुभ शुक्रवारी (गुड फ्रायडेला) शिबिर घ्यायची पद्धत पडत चाललीय. भावना चांगली, दिवस चुकीचा. उपास धरलेला, बारा ते तीन उपासनेत बसलेला, एप्रिलच्या उन्हातला माणूस रक्त देतो आणि घेरी येऊन पडतो. एकदा घेरी आलेला पुन्हा शिबिराला येत नाही. नाताळातही नको. लाल पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स पाचच दिवस. एका दिवसात शंभर पिशव्या जमवून उपयोग नाही. टंचाई मे महिन्यात असते, कॉलेजं बंद असतात तेव्हा. पुनरुत्थानाच्या सणानंतर (ईस्टरनंतर) तीन-चार आठवड्यांनी सकाळी लवकर, पोटभर नाश्ता देऊन शिबिर घ्या. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन साडेबारा. पुरुषांना ९० दिवसांनी, स्त्रियांना १२० दिवसांनी पुन्हा देता येतं. तारखांची वही ठेवून रक्तपेढीच्या फोनवर दोघा-दोघांना पाठवणं शिबिरापेक्षाही बरं.

आता पंचसभेत हमखास येणारा प्रश्न : फलक नाही, शुभवर्तमानाच्या पत्रिका नाहीत, मग ख्रिस्ताची साक्ष कुठे राहिली?

मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात न्यायाच्या वेळी उजवीकडे उभे केलेले लोक चकित होऊन विचारतात, प्रभू, आम्ही तुला भुकेला कधी पाहिलं? आपण कोणाला जेवू घातलं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. फलक घेऊन गेलेल्या माणसाला तो प्रश्न कसा पडणार? पेत्र आपल्या पहिल्या पत्रात म्हणतो, तुमच्या आशेचं कारण विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेने. विचारणं त्याचं आहे, आपलं काम विचारावंसं वाटेल असं वागणं. ‘तुम्ही कोण?’ असं कोणी विचारलं तर मंडळीचं नाव सरळ सांगा, लपवू नका. लपवाछपवीने संशय वाढतो. ‘का करता?’ विचारलं तर दोन वाक्यांत सांगा आणि थांबा.

खिचडीच्या रांगेत पत्रिका वाटू नका. भुकेला माणूस नको म्हणू शकत नाही, आणि ज्याला नको म्हणता येत नाही त्याच्या हातात दिलेल्या शुभवर्तमानाची किंमत आपणच कमी करतो. आमिषाचा आरोप आज सहज होतो. आरोप खोटा असला तर उत्तर देता येतं, पण डब्यावर पत्रिका चिकटवलेली असली तर काय उत्तर देणार? फोन नंबर घेऊन नंतर सभेचे निरोप पाठवणंही त्यातलंच. प्रार्थना त्याने स्वतःहून मागितली तर करा : हळू आवाजात, थोडक्यात, त्याच्या भाषेत, शेजारच्या खाटेला ऐकू जाणार नाही अशी. डोक्यावर हात ठेवायचा तर विचारून. बरं होण्याचं वचन देऊ नका, आणि गोळ्या बंद करण्याबद्दल तोंडातून एक अक्षर काढू नका. असं बोलणाऱ्याला त्याच दिवशी यादीतून काढा, तो कोणाचाही पाहुणा असो.

पैशांचं गणित मांडून बघा. समजा मंडळीचं वाटप पंचवीस हजारांचं आहे. तीन क्षयरुग्णांना सहा महिने, टोपली सातशेची, म्हणजे १२,६०० रुपये. उरले १२,४००. त्यात महिन्याला एक पातेलं पन्नास जणांची खिचडी वर्षभर निघते आणि गावी परतणाऱ्या एखाद्याचं एसटीचं भाडंही. हिशेब मंडळीच्या सूचनाफलकावर दर तीन महिन्यांनी लावा, आकड्यांसह, रुग्णांच्या नावांशिवाय. देणगीदाराला फोटो हवाच असेल तर रिकाम्या पातेल्याचा द्या.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी ठराव झाला तर त्याच आठवड्यात दोघांनी समाजसेवा अधीक्षकांना भेटून यावं. सकाळी ओपीडीची झुंबड असते, तेव्हा दुपारी जा. अर्जाच्या दोन प्रती न्या, एकीवर पोच घ्या. बरोबर हार-शाल नको.

आपले,
सोलापुरातील रुग्णसेवेच्या कामातले काही मंडळीजन